यानातल्या माणसाला काय सांगायचं

बाबा कॅनडात आले ते नोव्हेंबरात. शहाणा माणूस नोव्हेंबरात कॅनडात येत नाही, पण आई गेल्यापासून बाबांनी ऋतूंची दखल घेणंच सोडलं होतं. नाशिकला ते माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे राहायचे. दादा म्हणाला, "हिवाळाभर तुझ्याकडे राहू देत, त्यांनाही बदल." मला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली, कारण आमचे बाबा कोपऱ्यात बसून जप करणाऱ्यांतले नव्हेत. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. समोर फळा नसला तरी शिकवायचे थांबत नाहीत.

आम्ही टोरंटोपासून तासाभराच्या, कॅनडातल्या केंब्रिजला राहतो. गाड्यांच्या मोठ्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात काम करते. नवरा रोज नोकरीला टोरंटोजवळच्या वॉनला जातो आणि आयुष्याचा बराचसा भाग हायवेवर ब्रेकवर पाय ठेवून काढतो. लेक शाळेत. त्यामुळे दिवसभर घरात बाबा एकटेच. त्यांनी बेसमेंटमध्ये हीटरशेजारी खुर्ची ओढली, कानटोपी घातली आणि अमेरिकेची सुरुवातीची अंतराळ उड्डाणं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायला घेतली.

हे वेड जुनं होतं. बाबा शाळकरी असताना त्यांच्या गावच्या वाचनालयात वर्तमानपत्र एक दिवस उशिरा यायचं. "अमेरिकेचं प्रत्येक यान आमच्या गावात दुसऱ्या दिवशी उडायचं," असं ते सांगत. चंद्रावर माणूस उतरला तो भाग त्यांना फारसा महत्त्वाचा वाटत नसे. "ते सगळ्यांनाच माहीत असतं. त्याआधी काय काय फुटलं ते विचार," म्हणायचे. मग न विचारताच सांगायचे. उपग्रह सोडायला उभं केलेलं पहिलं रॉकेट सगळ्या जगासमोर हातभर उचललं गेलं, परत खाली बसलं आणि पेटलं. त्याच्या टोकावरचा चिमुकला उपग्रह बाजूला उडून पडला आणि जमिनीवर पडल्या पडल्या इमानदारीत सिग्नल देत राहिला. माणसाच्या आधी पृथ्वीभोवती पाठवलेल्या चिंपांझीला, यंत्र बिघडल्यामुळे, बरोबर कळ दाबूनही शॉक बसत राहिले. तरी ते बरोबर कळच दाबत राहिलं. या ठिकाणी बाबा नेहमी थांबायचे आणि म्हणायचे, "सरकारी शिक्षक होतं ते." जमिनीवरच्या साध्या चाचणीत तिघेजण यानाच्या आत जळून गेले, कारण दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. ते सांगताना मात्र विनोद नसायचा.

चंद्रावर उतरलेल्या यानाचे पाय मॉन्ट्रियलजवळच्या एका कारखान्यात बनले होते, हे त्यांना इथे आल्यावर कळलं. त्या दिवशी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून घामेघूम होऊन आत आले, तर बाबा जिन्यात उभे. "अगं, म्हणजे चंद्राला पहिला पाय लागला तो या लोकांचा! आणि हे लोक कुणाला सांगतसुद्धा नाहीत."

"बाबा, हे लोक सगळ्याच बाबतीत सॉरी म्हणतात. चंद्रालाही म्हणाले असतील," मी म्हटलं. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. तेव्हा तो खोकला फक्त हसण्याचाच होता.

आमच्याकडे मराठी ज्येष्ठांचा एक गट आहे. मुलांकडे हिवाळा काढायला आलेले आणि इथेच म्हातारे झालेले, असे दोन्ही प्रकार त्यात आहेत. कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत शनिवारी दुपारी जमतात. थर्मासातला चहा, घरचा चिवडा, गुडघेदुखी आणि सुनांची निंदा असा साधारण कार्यक्रम असतो. त्यांनी बाबांना बोलायला बोलावलं. विषय बाबांनीच ठरवला : अमेरिकेची अंतराळातली पहिली पावलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, वर स्वेटर, त्यावर माझ्या नवऱ्याचं जाडजूड जॅकेट. मी मागे भिंतीशी बसले.

फार छान बोलले. पृथ्वीभोवती फिरलेल्या पहिल्या अमेरिकन माणसापाशी आले तेव्हा खोलीत कुणी चिवडासुद्धा चावत नव्हतं. गोष्ट अशी. तो माणूस वर फिरत असताना खाली जमिनीवर एक सिग्नल आला की यानाची ढाल सैल झाली आहे. ढाल म्हणजे यानाच्या बुडाचं जाड कवच. परत येताना हवेच्या घर्षणाने यान भट्टीसारखं तापतं, ते या ढालीवर निभावतं. ती निसटली तर आतल्या माणसाची राखच. खालच्या लोकांची धावपळ उडाली. ढालीवर पट्ट्यांनी बांधलेली लहान रॉकेटांची एक पेटी होती, ती खरं तर उतरण्याआधी टाकून द्यायची होती. यांनी ठरवलं की ती तशीच राहू द्यावी, तिच्या पट्ट्या ढालीला धरून ठेवतील. मग वरच्या माणसाला सांगितलं, पेटी टाकू नकोस. त्याने विचारलं, का? त्याला धड उत्तर दिलं नाही. अमुक बटण तपासून बघ, तमुक आवाज येतो का बघ, असं सांगत राहिले. तो काही खुळा नव्हता, त्याने ओळखलंच. उतरताना ती पेटी जळून तिचे पेटते तुकडे त्याच्या खिडकीवरून जायला लागले आणि त्याला वाटलं, ढालच तुटतेय. तो माणूस आपल्याच मरणाकडे बघत बसला होता. पुढे तो सुखरूप उतरला. ढाल घट्टच होती, सिग्नल खोटा होता.

"आता मला सांगा," बाबा म्हणाले, "खालच्यांनी बरोबर केलं की चूक?"

मला वाटलं होतं दोन तट पडतील. कसलं काय! अख्खी खोली एका सुरात म्हणाली, बरोबर केलं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "सांगून तो बिचारा करणार काय होता? उगाच टेन्शन." एक काकू म्हणाल्या, "माणसाने धीर सोडला की संपलं हो. न सांगितलं म्हणून तर वाचला." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, खालचे लोक नक्की आपल्याकडचे असणार. हशा पिकला.

बाबा हसले नाहीत. त्यांचा आवाज चढला. "यान कोण चालवत होतं? तुम्ही की तो? ढाल त्याच्या पाठीला होती, तुमच्या नाही! मरायचं त्याला आणि माहिती तुम्हाला, हा कुठला न्याय?"

त्या काकू शांतपणे म्हणाल्या, "सर, राग मानू नका. पण तुमच्या घरात कुणाला कॅन्सर निघाला, तर तुम्ही तोंडावर सांगाल?"

बाबांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला. व्याख्यान तिथेच संपलं. आभार मानणाऱ्या काकांनी नेहमीसारखं लांबण लावलं, पण बाबांचं लक्ष नव्हतं.

घरी येताना बारीक बर्फ पडत होता. बाबा बराच वेळ वायपरकडे बघत होते. मग म्हणाले, "तुझ्या आईला आपण अल्सर सांगितलं."

मला माहीत होतं. दादाने ठरवलं होतं, डॉक्टरांनी मान डोलावली होती, बाबांनी होकार दिला होता आणि मला इकडे फोनवर बजावण्यात आलं होतं की चेहरा हसरा ठेव. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पेशंट सोडून सगळ्या गल्लीला आजाराचं नाव माहीत असतं.

"तिने तिखट सोडलं," बाबा म्हणाले. "अल्सर बरा व्हावा म्हणून. तिला ठेच्याशिवाय घास जात नसे, तुला ठाऊक आहे. शेवटचे सगळे महिने दूधभात खाल्ला तिने. मी समोर बसून बघत होतो. कशासाठी गं? एक मिरचीसुद्धा मिळू दिली नाही मी तिला."

 मी गाडी हळू केली.

"माझ्या वेळी मला सांगायचं," ते म्हणाले. "दादाला जमायचं नाही. तू सांग."

त्यांची वेळ इतकी जवळ असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. जानेवारीत त्यांची भूक गेली. अंगाला खाज सुटायला लागली. कोरड्या हवेने सुटते सगळ्यांनाच, म्हणून मी त्यांना लोशन आणून दिलं. एका सकाळी ते खिडकीशी उभे होते, बाहेर ताज्या बर्फावर ऊन पडलं होतं आणि त्या लख्ख उजेडात मला त्यांचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे. मी कामाला गेले नाही. त्यांना सरळ इमर्जन्सीत घेऊन गेले. मग तपासण्या, स्कॅन, थांबा, परत या.

निकालाच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला. माझा दादा वाईट माणूस नाही, हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मला त्याच्याबद्दल चांगलं बोलता येईलच असं नाही.

"डॉक्टरला आधीच गाठ," तो म्हणाला. "सांग, पेशंटसमोर काही बोलू नका."

"दादा, इथे तसं चालत नाही. ते आधी पेशंटलाच सांगतात."

"मग म्हणावं, आमचं कल्चर आहे. तिकडे कल्चर म्हटलं की ऐकतात ना सगळे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खरं सांगायचं तर क्षणभर मोहही झाला. एक वाक्य इंग्रजीत बोलायचं आणि बाबांसाठी कावीळ हा शब्द कायम करून टाकायचा. किती सोपं.

डॉक्टर तरुण बाई होती. तिने खुर्ची ओढून बाबांच्या समोर घेतली आणि हळू बोलत विचारलं, तुम्हाला सगळं ऐकायचं आहे का, की मी आधी तुमच्या मुलीशी बोलू? बाबा ताठ बसून म्हणाले, "Everything, madam. I am a teacher." तिने सांगितलं. बाबांचं इंग्रजी चांगलं होतं, पण ते पुस्तकातलं. इथल्या बोलण्यातले अर्धे शब्द त्यांच्या हातून निसटायचे. तिचं बोलून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "आता मराठीत सांग. स्वच्छ."

आमच्या कारखान्यात एक दोरी आहे. कुणालाही, अगदी काल कामाला लागलेल्यालाही, गाडीत खोट दिसली तर त्याने ती ओढायची आणि अख्खी लाइन थांबवायची. त्याला कुणी रागवत नाही. खोट दिसूनही गप्प बसला तर मात्र त्याची खैर नाही. इतकी वर्षं त्या दोरीच्या सान्निध्यात काढलेल्या बाईला दुसरं काही जमलंही नसतं, असं मी नंतर स्वतःला सांगत आले आहे.

"कॅन्सर आहे, बाबा. स्वादुपिंडाचा. लिव्हरमध्ये पसरलाय. बरा होणार नाही. काही महिने, फार तर."

त्यांनी मान हलवली, वर्गात एखाद्या मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे तशी. मग डॉक्टरीणबाईंना थँक्यू म्हणाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "हीटर जरा वाढव." घराच्या वाटेवर त्यांनी मला कॉफी घ्यायला लावली आणि पहिल्यांदाच दोन साखरा जास्त टाकून घेतल्या. मी रडत होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाले, "रस्त्याकडे बघ. डॉक्टरांनी महिने म्हटलेत, तू मिनिटांवर आणशील."

त्या संध्याकाळी दादा फोनवर मला म्हणाला, "तू त्यांना मारलंस." मी म्हटलं, "कॅन्सर मारतोय." तो म्हणाला, "उद्यापासून ते जगतील का? त्यांची उमेद काढून घेतलीस तू." आणि फोन ठेवला.

उद्यापासून बाबा जे जगले, तसं मी त्यांना आई गेल्यापासून जगताना पाहिलं नव्हतं. त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. माझ्या लेकीला रॉकेटची गणितं शिकवली, तिची उत्तरं इंग्रजीत, यांचे प्रश्न मराठीत. माझ्याशी भांडून ठेचा करायला लावला आणि तो पचला नाही तरी दोन घास खाल्ला. आणि एका सकाळी पाकिटातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. देहदानाचं. आई गेल्यावर त्यांनी नोंदणी केली होती. साक्षीदार म्हणून दादाची सही होती, तेव्हा सही करायला काही जात नव्हतं.

"मला परत जायचंय," ते म्हणाले. "इथे पाहुणा म्हणून किती दिवस आजारी पडू? आणि हे काम तिकडेच व्हायला हवं. आयुष्यभर मुलांना बेडूक कापायला लावले. आता माझी पाळी."

"बाबा..."

"ऐक. यात एकच गोष्ट लागते. मी गेलो की घरच्यांनी ताबडतोब मेडिकल कॉलेजला फोन करायचा. ते गाडी पाठवतात. तेवढा एक फोन दादाने करायला हवा. बाकी मला कशाचीच इच्छा नाही."

मी त्यांना फेब्रुवारीत विमानतळावर पोचवलं. व्हीलचेअरवर होते. सिक्युरिटीच्या दारात त्यांनी मागे वळून बघितलं नाही, कारण व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला ते काहीतरी समजावून सांगत होते.

नाशिकला पोचल्यावर बाबांना कावीळ झाली. म्हणजे घरात तसं जाहीर झालं. येणारे जाणारे उसाच्या रसाचे आणि झाडपाल्याचे उपाय सांगायचे आणि दादा, वहिनी ते मन लावून ऐकायचे. बाबांना सगळं माहीत होतं, आणि बाबांना माहीत आहे हे त्या दोघांना माहीत होतं. तरी रोज सकाळी नाटकाचा पडदा वर जायचा. बाबांनी कॉलेजला करायच्या फोनचा विषय काढला की दादा म्हणायचा, "असं अभद्र बोलू नका." वहिनी लगेच विचारायची, "मोसंबीचा रस देऊ का?"

म्हणून बाबा मला फोन करायचे. तिकडची संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. मी शिफ्टच्या आधी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसायचे, काचेवरचा बर्फ हळूहळू वितळत असायचा. ते गॅलरीत जाऊन दार लोटून घ्यायचे. पोटात पाणी झालंय, पायाला सूज आहे, काल रात्री भीती वाटली, असं सगळं सांगायचे. हवामानाच्या बातम्यांसारखं, एका सुरात. एकदा म्हणाले, "त्या लोकांचा एक नियम होता. यानातल्या माणसाशी खालून एकानेच बोलायचं, आणि बोलणारा स्वतःही अंतराळवीर असायचा. म्हणजे वर काय वाटतं ते त्याला कळायचं. आता माझ्याशी बोलणारी तू एकटीच. तुला मरणाचा अनुभव नाही, पण चालवून घेतो."

मी हसले आणि मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. ते थांबले होते तिकडे, मला रडू देत.

"दादाशी बोललीस?" प्रत्येक फोनच्या शेवटी ते विचारायचे.

मी बोलले. एकदा गोडीत, एकदा चिडून, एकदा अक्षरशः पाया पडून. मी त्या मेडिकल कॉलेजलाही इकडून फोन केला. तिथले गृहस्थ सौजन्याने बोलले, पण म्हणाले, "ताई, देह ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी द्यावा लागतो. तुम्ही परदेशातून सांगून आम्ही उचलून आणू शकत नाही." म्हणजे फिरून सगळं दादापाशीच.

"तू तिकडे बसून मला नियम शिकवू नकोस," दादा शेवटी म्हणाला. "त्यांना अंघोळ मी घालतो. रात्री कूस मी बदलतो. तुझं काय, फोन केला की झालं."

 ते खरंच होतं. पण त्यामुळे बाबांचं मागणं खोटं ठरत नव्हतं, आणि हे त्याला कसं पटवावं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी मार्चमधल्या शाळेच्या सुट्टीत जायचं ठरवलं. दादा म्हणत होता, स्टेबल आहेत, घाई नको. मग बाबांचे फोन थांबले. मी केला तर वहिनी उचलायची. "झोपलेत. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. दमतात हो." नंतर कळलं, त्यांचा फोन कपाटात ठेवून दिला होता. बोलून त्रास होतो म्हणून. कुणाला त्रास होत होता, हे मी विचारलं नाही.

आणि एका सकाळी पार्किंगमध्ये असतानाच दादाचा फोन आला. "सीरियस आहेत. निघ."

दुसऱ्या दिवशी दुपारचं तिकीट मिळालं. नवऱ्याने टोरंटोच्या विमानतळावर सोडलं. मी गेटजवळ खिडकीशी बसले आणि मनात सगळी जुळवाजुळव केली. मी पोचेपर्यंत त्यांनी दम धरला तर वेळ येताच मी स्वतः कॉलेजला फोन करीन. मुलगी समोर उभी राहून सांगतेय म्हटल्यावर दादाला नाही म्हणता येणार नाही. नंबर मी फोनमध्ये सगळ्यात वर लावून ठेवला होता. खिडकीबाहेर विमानाच्या पंखांवर बर्फ वितळवायचं औषध फवारत होते. मला एकच काळजी होती, उशीर व्हायला नको.

फोन वाजला, म्हणजे नुसता थरथरला. घरच्या ग्रुपवर एका आतेभावाने लिहिलं होतं : मामांना भावपूर्ण श्रद्धांजली. खाली हात जोडलेले. मी नीट वाचेपर्यंत मेसेज डिलीट झाला. त्याला कुणीतरी दटावलं असणार, ती अजून विमानात बसली नाही म्हणून.

मी दादाला फोन लावला. तिकडे रात्र होती, पण त्याने लगेच उचलला.

"कधी?" मी म्हटलं.

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तुला फोन केला तेव्हाच गेले होते. एवढा लांबचा प्रवास, एकटी, म्हणून नाही सांगितलं. विमानात तुला काही झालं असतं तर?"

"आत्ता कुठे आहेत?"

"झालं सगळं. कालच. अमरधामला."

 शेजारी एक आजोबा सँडविचचा कागद उलगडत होते, तो आवाज मला फार मोठा वाटत होता.

"मुलगा आहे मी त्यांचा," दादाचा आवाज फुटला. "मला अग्नी द्यायचा होता. मी त्यांना कापायला कसं देऊ? ज्या पायांवर रोज तेल चोळलं ते पाय मी कुणा पोरांच्या हातात कसे देऊ? तू दिले असतेस?"

"त्यांनी मागितलं होतं, दादा. फक्त तेवढंच मागितलं होतं."

"मला माहितीय."

"शेवटी बोलले काही?"

"हो," तो म्हणाला. नाक ओढलं त्याने. "परवा संध्याकाळी शुद्धीवर होते. माझा हात धरला आणि विचारलं, फोन करशील ना? मी हो म्हटलं. म्हटलं, बाबा, निश्चिंत राहा, मी स्वतः करतो. त्यांना बरं वाटावं म्हणून. म्हणाले, आता मला कशाची भीती नाही. आणि मग कितीतरी दिवसांनी शांत झोपले गं. घोरत होते. वहिनीलासुद्धा विचार."

गेटवर माझ्या रांगेचा नंबर पुकारला. लोक उठून बॅगा ओढू लागले. मी उठले नाही. दादाचा मला इतका राग आला होता की तो समोर असता तर मी त्याला मारलं असतं. आणि त्याच वेळी, बाबा शांत झोपले हे ऐकून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून चीड येते.